सोलरच्या फॉर्मवर ढीगभर चौकश्या येतात, आधी कोणाकडे जायचं ते कसं ठरवता?

अंत्रुजकर_सोलर:
नमस्कार मंडळी. मी फोंड्याला घरांवर सोलर बसवणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये आहे, चौकश्या आणि सेल्सचं सगळं माझ्याकडे. फेसबुक-इन्स्टावर जाहिरात चालू असते आणि वेबसाइटवर एक गूगल फॉर्म आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना (घरावरच्या सोलरला केंद्राची सबसिडी) आली तेव्हापासून चौकश्या भरपूर वाढल्यात, त्याबद्दल तक्रार नाही. अडचण अशी की साइट बघायला जाणारी माणसं आमच्याकडे दोनच, त्यातला एक काणकोणला गेला की त्याचा दिवस तिथेच गेला, आणि तिथे पोचल्यावर कळतं की घर भाड्याचं आहे, नाहीतर फ्लॅट आहे आणि गच्ची सोसायटीची, नाहीतर समोरच्याला सबसिडी किती मिळते एवढंच विचारायचं होतं. तेवढ्यात डिचोलीचा खरा गरजू माणूस दुसऱ्याकडे गेलेला असतो.

फॉर्मवर सध्या नाव, नंबर, गाव आणि 'तुमचा मेसेज' एवढंच आहे. मालक म्हणतात सगळंच विचारून घे, आधार, बिल, घराचे फोटो, बजेट. कॉल करणारा मुलगा म्हणतो नंबर मिळाला की पुरे, बाकी मी बोलून काढतो. मला दोन्ही पटत नाही. काय विचारावं म्हणजे लोक फॉर्म अर्धवट सोडून जाणार नाहीत आणि आम्हाला गाडी कुठे पाठवायची ते कळेल? आणि कोणी मार्क देऊन स्कोअर काढतं का लीडचा, म्हणजे आलेल्या चौकशीचा? त्याचा उपयोग होतो का खरंच?

मांडवीकाठ:
मी पणजीत जाहिरातीचं काम करते, रिअल इस्टेट आणि होमस्टेवाल्यांचे फॉर्म बरेच केलेत, त्यावरून सांगते. प्रश्न ठेवायचा की काढायचा याला एकच कसोटी लावा. ह्या प्रश्नाचं उत्तर बदललं तर तुम्ही पुढे काही वेगळं करणार आहात का? नसाल करणार तर तो प्रश्न काढून टाका, मालक कितीही म्हणोत. आधार नंबर हातात आला म्हणून तुम्ही आज वेगळं काय करणार? काहीच नाही. मग पहिल्या भेटीआधी मागायचाच कशाला, अनोळखी फॉर्मवर आधार मागितला की शहाणा माणूस तिथेच बंद करतो आणि बरोबरच करतो.

आता तुमच्या धंद्यात काय काय बदलतं ते बघा. पहिला प्रश्न, लाइट बिल घरगुती की कमर्शियल. सूर्यघरची सबसिडी घरगुती कनेक्शनलाच आहे, म्हणजे कळंगुटचा गेस्टहाऊसवाला आणि वाळपईचा घरवाला यांच्याशी बोलणंच वेगळं, कोटेशन वेगळं, एकाला सबसिडीचा आकडा सांगून चालणारच नाही. दुसरा, घर कसलं आहे. तिसरा, बिल कोणाच्या नावावर. चौथा, महिन्याला किती युनिट जळतात. पाचवा, कधी बसवायचंय. नाव, नंबर, गाव धरून झाले आठ, मोबाइलवर दोन मिनिटांत होतात.

घराच्या प्रश्नावर मात्र थोडा वेळ घालवा कारण गोव्यात तोच सगळ्यात कामाचा आहे. 'छताचा प्रकार' असं लिहिलंत तर लोक काहीही भरतील. पर्याय सरळ लिहा: स्लॅबचं घर, कौलारू घर, वर पत्रा, अर्धं कौल अर्धं स्लॅब, फ्लॅट. ते अर्धं-अर्धं विसरू नका, आपल्याकडे पुढचं जुनं घर कौलारू आणि मागे नंतर बांधलेलं स्वयंपाकघर नि बाथरूम स्लॅबचं, अशी घरं गावोगाव आहेत आणि पॅनल बहुतेकदा त्या मागच्या स्लॅबवरच बसतात. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते, तेव्हा तिथे किती बसेल याचा अंदाज फोनवरच येतो. नुसतं कौलारू असेल तर तुमचा फॅब्रिकेशनवाला (लोखंडी सांगाडा करणारा) सोबत न्यायचा की नाही हे निघण्याआधीच ठरतं. आणि ऐन पावसात कौलांवर माणूस चढवणार नाही तुम्ही, म्हणजे जूनमधली कौलारू चौकशी चवथीनंतरच्या यादीत टाकायची आणि तसं त्यांना स्पष्ट सांगायचं.

बजेट विचारू नका. कोणी खरं सांगत नाही, आणि इथे गरजही नाही. युनिट विचारले की बजेट आपोआप कळतं. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो, महिन्याला एकशेवीसच्या आसपास. साडेतीनशे युनिट जळणारा माणूस तीन किलोवॅटचा, आणि तीन किलोवॅटला सबसिडी ७८,००० रुपये, त्यावर कितीही मोठं बसवा सबसिडी तेवढीच. साठ-सत्तर युनिटवाल्या आजी-आजोबांना तीन किलोवॅट विकायला जाऊ नका, त्यांचा फायदा नाही, आणि गावात तुमचं नाव खराब होईल ते वेगळंच.

शीटवाला_म्हापसा:
ताईंनी प्रश्नांचं सांगितलं, मी मागचं सांगतो कारण फॉर्म चांगला आणि शीटमध्ये सगळा गोंधळ हेच जास्त ठिकाणी बघतो.

गूगल फॉर्ममध्ये उत्तराप्रमाणे पुढच्या सेक्शनला पाठवायची सोय आहे, पण ती मल्टिपल चॉइस आणि ड्रॉपडाउनलाच चालते, चेकबॉक्सला नाही. म्हणून घराचा प्रकार चेकबॉक्समध्ये ठेवू नका. 'फ्लॅट' निवडला की त्याला वेगळ्या सेक्शनला न्या आणि तिथे एवढंच विचारा की तुम्ही सोसायटीच्या कमिटीवर आहात का, गच्ची सोसायटीची की तुमच्या एकट्याची. ती लीड फेकायची नाही हां, सोसायटीच्या कॉमन लाइट, पंप, लिफ्टसाठी याच योजनेत किलोवॅटमागे १८,००० रुपये आहेत. एक कमिटीवाला भेटला तर एकाच फेरीत मोठं काम होतं. पण त्याच्याकडे टेक्निशियन नाही जायचा, आधी तुम्ही मीटिंगला जायचं.

बिलाचा फोटो फॉर्मवर अपलोड करायला लावू नका. फाइल अपलोडचा प्रश्न टाकला की भरणाऱ्याला गूगल अकाउंटने लॉगिन करावं लागतं, निम्मे तिथेच गळतात. फॉर्म संपल्यावर जो 'धन्यवाद' मेसेज येतो त्यात लिहा की लाइट बिलाचा फोटो ह्या व्हॉट्सअॅप नंबरवर टाका. माझा अनुभव असा की ज्याला खरंच बसवायचंय तो त्याच संध्याकाळी बिल पाठवतो, स्कोअरपेक्षा ही खूण जास्त खरी.

शीटमध्ये फॉर्मची उत्तरं येतात त्या टॅबला हातच लावू नका. शेजारच्या कॉलममध्ये फॉर्म्युला लिहिला तर नवीन उत्तर नवीन ओळ घालून येतं आणि फॉर्म्युला खाली उतरतच नाही, मग लोक म्हणतात शीट बिघडली. वेगळा टॅब करा, तिथे अरेफॉर्म्युला (ARRAYFORMULA, एकच फॉर्म्युला सगळ्या ओळींना) लावा. त्यात अटी जोडणारं अँड (AND) चालत नाही, सगळ्या ओळी मिळून एकच उत्तर देतो, त्याऐवजी अटी एकमेकांना गुणा. तोच माणूस फेसबुकवरून एकदा आणि वेबसाइटवरून एकदा भरतो, तेव्हा नंबरातल्या स्पेस काढून शेवटचे दहा आकडे घ्या आणि तो नंबर किती वेळा आलाय ते मोजायला काउंटइफ (COUNTIF) लावा, कारण एकदा +९१ लावलेलं असतं, एकदा शून्य, एकदा काहीच नाही.

लीड कुठून आली तेही नोंदवा. गूगल फॉर्मला लपवलेला कॉलम नसतो, पण प्रीफिल्ड लिंक काढता येते. 'कुठून कळलं' हा ड्रॉपडाउन ठेवा आणि इन्स्टाच्या बायोला एक लिंक, दुकानातल्या क्यूआरला दुसरी, प्रत्येकीत तो पर्याय आधीच भरलेला.

आणि फेसबुकचा आतला जो इन्स्टंट फॉर्म असतो तो वापरत असाल तर 'हायर इंटेंट'वाला निवडा, त्यात शेवटी एकदा तपासून पाठवायची स्क्रीन येते. साध्यात नंबर प्रोफाइलमधून आपोआप भरला जातो आणि तो कित्येकदा जुन्या, बंद पडलेल्या सिमचा असतो. त्या लीड तिथे ९० दिवसच डाउनलोड करता येतात, तेव्हा वेळेवर उतरवून घ्या.

सत्तरीचो_पूत:
दोघांचं बरोबर आहे पण मला एक सांगायचंय, फार चाळण लावू नका, गोव्यात चाळणीतून चांगली घरं खाली पडतात. आमच्याकडे सत्तरीत घरात आई-बाबा दोघंच असतात, फॉर्म भरतो मुलगा, आणि मुलगा असतो पुण्याला नाहीतर दुबईला नाहीतर बोटीवर. तुमच्या शीटमध्ये दिसणार परदेशातला नंबर, कॉल केला की लागत नाही, तुम्ही म्हणणार बोगस. प्रत्यक्षात पैसे देणारा तोच असतो आणि घरी एसी बसवून लाइट बिल वाढवलेलंही त्यानेच असतं. म्हणून दोन ओळी वाढवा: घरी साइट दाखवायला कोण भेटेल, आणि फोन कोणत्या वेळी करू. बोटीवरच्या माणसाला फोन नाही, मेसेज टाकायचा, तो किनाऱ्याला लागला की उत्तर देतो. आणि शेवटचा निर्णय पुष्कळ वेळा आईचा असतो, तिला घरी जाऊन नीट समजावणारा माणूस पाठवा, नुसता टेप घेऊन मोजणारा नको.

दुसरं म्हणजे बिल कोणाच्या नावावर हा प्रश्न. आमच्या वाड्यावर अजून आजोबांच्या नावाने बिल येतं, आजोबा जाऊन वर्षं झाली. सामायिक घर, चार काका, दोन आत्या, एक मुंबईला. योजनेचा अर्ज बिलावरच्या नावाने करायचा आणि सबसिडी बसवून झाल्यावर ग्राहकाच्याच बँक खात्यात येते, तेव्हा नावाचं निस्तरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण म्हणून ही लीड मेली असं नाही. ह्यांना 'नाही' च्या ढिगात टाकू नका, वेगळा ढीग करा, 'कागद अडकलेत'. त्यांना बिलावरचं नाव बदलायला वीज खात्यात काय काय लागतं ते साधं करून पाठवा आणि दर महिन्याला एक मेसेज. असा माणूस वर्षभराने आला तरी तुमच्याकडेच येतो कारण बाकी कोणी त्याला उभं केलेलं नसतं. मुंडकारी घरांचंही (भाटकाराच्या जमिनीतल्या) तसंच, आधी मालकीचा कागद बघा, मग गाडी काढा.

अंत्रुजकर_सोलर:
हे सगळं खूप उपयोगाचं आहे, मनापासून आभार. पूत बाब, तो परदेशातल्या नंबराचा मुद्दा तर आमच्या कोणाच्या डोक्यातच नव्हता, असे कितीतरी नंबर बाजूला पडलेले असणार.

स्कोअरचं मात्र अजून कळलं नाही. मी कच्चं करून बघितलं: युनिट जास्त तर तीस मार्क, लवकर बसवायचंय तर वीस, स्लॅब असेल तर वीस असं. त्यात एक भाडेकरू सगळ्यात वर आला.

मांडवीकाठ:
येणारच. मार्कांची बेरीज केली की एका बाजूची उणीव दुसरीकडच्या मार्कांनी भरून निघते, पण घरच स्वतःचं नसेल तर ते कशानेच भरून निघत नाही. म्हणून आधी 'असलंच पाहिजे' वाल्या अटी: मालकीचं घर, बिल स्वतःच्या किंवा घरातल्या हयात माणसाच्या नावावर, पॅनलला जागा. ह्या तीन पास झाल्या तरच पुढे लावायचा क्रम, आणि त्यालाही मार्क नकोत. युनिट तीनशेच्या वर आणि दोन महिन्यांत बसवायचंय तो पहिला, एवढं पुरे. भाडेकरूला प्रेमाने सांगा की घरमालकाला आमचा नंबर द्या.

मग ढीग चारच राहतात: आज फोन, कागद अडकलेत, सोसायटी आणि कमर्शियल, आणि नुसती माहिती हवी असलेले. शेवटच्यांना एक नीट लिहिलेलं माहितीपत्रक व्हॉट्सअॅपवर, त्यात सबसिडीचे आकडे, दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीनला ७८,०००. माणूस पाठवायचा नाही. फोंडा-कुर्टी-बांदोडा एका दिवशी, काणकोण आठवड्यातून एकदाच, असं गावाप्रमाणेही लावा, तालुका ड्रॉपडाउनमध्ये ठेवलात तर सॉर्ट होतं, लोकांना हाताने लिहू दिलंत तर एकाच फोंड्याची पाच स्पेलिंगं होतात.

आणि 'आज फोन' म्हणजे खरंच आज, जमलं तर तासाभरात. २०११ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत अमेरिकेतल्या कंपन्यांचा अभ्यास आला होता, तासाच्या आत संपर्क करणाऱ्यांना निर्णय घेणाऱ्या माणसाशी नीट बोलणं जवळजवळ सातपट जास्त जमत होतं, एक तास उशीर करणाऱ्यांच्या तुलनेत. फॉर्मच्या रिस्पॉन्सेस टॅबमध्ये नवीन उत्तराची ईमेल सूचना चालू करता येते, ती त्या कॉलवाल्या मुलाच्या मोबाइलवर यायला हवी.

नियमवाली_मडगाव:
एक राहिलं. फॉर्मच्या शेवटी साध्या भाषेत लिहा की ही माहिती कशासाठी घेतोय आणि कोण फोन करणार, आणि संमतीचा टिक आधीच लावून ठेवू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीबद्दल हेच म्हणतो, माणसाने स्वतःहून दिलेली हवी. नंबर बॅटरीवाल्याला नाहीतर लोनवाल्याला परस्पर देऊ नका. लोकांना लगेच कळतं कोणी दिला ते.

अंत्रुजकर_सोलर:
टिक काढला. फॉर्म परत बांधतोय, दहा प्रश्न झालेत, आधारला मालकांनी सोडलं. आता शेवटचं विचारतो, फॉर्म मराठीत ठेवू, कोकणीत की इंग्रजीत?

सत्तरीचो_पूत:
पहिलाच प्रश्न भाषेचा टाका आणि त्यावरून सेक्शन फोडा, शीटवाल्या भावाने सांगितलं तसं. पण पर्यायांची नावं तिन्हीकडे शीटमध्ये वेगवेगळी येतील, ती एक करायला लागतील.

शीटवाला_म्हापसा:
प्रत्येक पर्यायाच्या सुरुवातीला आकडा घाला. १ स्लॅब, २ कौलारू, ३ पत्रा, आणि फॉर्म्युल्यात फक्त पहिलं अक्षर उचला. भाषा कुठलीही असो, शीटला १ म्हणजे स्लॅबच.