पुंगळी घासू नका, डायमधून काढा

दादा, आजोबांच्या परवान्यावरच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरमध्ये जुनी .455 मापाची पुंगळी (काडतुसाचं रिकामं पितळी कवच) अडकते म्हणून वर कुणीतरी पॉलिश पेपरने घासायला सांगितलंय. कृपा करून तसं करू नका. कुपवाड एमआयडीसीत लेथवर माझी वीस वर्षं गेली. घासलं की भिंत पातळ होते, आणि बार उडताना तीच फाटते.

पुंगळीचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. बार उडाला की ते फुगून चेंबरला, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या घराला, चिकटतं, मग थोडंसंच मागे येतं. म्हणून ती फुगलेली राहते, बहुतेक बुडाच्या कडेच्या जरा वरच्या अंगाला. ती वंगण लावून डायमधून, म्हणजे नेमक्या मापाच्या साच्यातून, दाबायची. मग सहाही चेंबरमध्ये घालून बघा, जुन्या सिलिंडरची घरं एकसारखी नसतात. बोटाच्या दाबाने आत गेली पाहिजे, ठोकून नाही.

लांबीही मोजा. 1897 नंतरची मार्क 2 पुंगळी साधारण 19.5 मिमी, त्याआधीची 22.

तोंडाशी केसाएवढी चीर दिसली तर ती पुंगळी सरळ मोडीत. आणि पुंगळीत पुन्हा बार भरून काडतूस करायचं असेल तर त्याची परवानगी आधी लेखी घ्या, शस्त्राचा परवाना त्याला पुरत नाही.