मदत हवी आहे : बालकलाकाराचा करार आणि २० टक्के ठेव

सोलापूरच्या नऊ वर्षांच्या मुलीची मालिकेसाठी निवड झाली आहे, शूटिंग ठाण्यात. बालकामगार कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे निर्मात्याने ठाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नको, सलग तीन तासांनंतर विश्रांती हवीच, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त बोलावायचं नाही. हे स्पष्ट आहे. अडचण पैशांची. मानधनातले किमान २० टक्के थेट मुलीच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवेत, पण करारात सगळी रक्कम वडिलांच्या खात्यात दाखवली आहे. असं झालं की ठेव राहूनच जाते, आणि तो पैसा मुलीचा आहे! कलम कसं लिहून घ्यावं? ठेवीची पावती दर हप्त्याला मागावी का? सोलापुरातली शाळा बुडू नये म्हणून सेटवरच्या अभ्यासाची सोय करारात कुणी लिहून घेतली असल्यास कृपया मजकूर पाठवा.