होडी, फेरी, लाँच... पाण्यातली सहल सांगा की!

चाळीतला_पोरगा
काल लेकानं पणजीहून फोटो टाकला. मांडवीतली क्रूझ, डोक्यावर ओळीनं तीन पूल, मागं गाणी चालू. तो बघितला आणि थेट १९८७ चा मे आठवला.

वडील मिलमध्ये साचाखात्यात, म्हणजे मागावर, उभ्या जन्मातली पहिली ट्रीप. आदल्या जुलैत मांडवीवरचा नेहरू पूल पडलेला. त्यामुळं म्हापशाकडून आलेल्या एसटीनं बेतीला उतरवलं, पुढं फेरीबोट. आमची क्रूझ तीच! स्कूटरी, मासळीच्या पाट्या, माणसं, सगळं एकाच पत्र्यावर उभं. सगळे पडक्या पुलाकडं बघत होते, वडील मात्र खाली पाण्याकडं. पलीकडं फळी पडली तसे ते पुढं झाले, वाकून दोन बोटं बुडवली आणि जिभेला लावली.

"खारट हाय की!"

नळाला पाणी कधी येईल म्हणून रात्री जागणारा माणूस. कुणीतरी फसवल्यासारखं तोंड झालं होतं त्यांचं. दुसऱ्या दिवशी रायबंदरहून चोडण बेटावर गेलो तेव्हा त्यांनी पाण्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तुमचं सांगा.

कडक_भाकरी
काका, "खारट हाय की" वाचून ऑफिसात एकटीच हसतेय. पण डबा काय होता ते लिहिलंच नाही 😀

भीमाकाठ
आमचं उजनी धरण. कुंभारगावला पहाटे होडीत बसलो, रोहित म्हणजे फ्लेमिंगो बघायला. हजारभर लांबून गुलाबी दिसत होते, जवळ जाणार एवढ्यात होडीच्या पंख्यात शेवाळ अडकलं. होडीवाला निवांत. विळ्यानं शेवाळ कापत आम्हालाच सांगतोय, "पक्षी कुठं पळत नाहीत, बसा." पळाले की सगळे! पण उडताना आतला लाल-काळा पंख दिसला, पैसे तिथंच वसूल. येताना डिकसळचा जुना रेल्वे पूल लांबून दाखवला. पाणी कमी असलं तर पळसदेवचं देऊळपण उघडं पडतं.

मायनस_प्लस
उजनी सध्या किती टक्के आहे?

भीमाकाठ
धाग्याचा विषय काय, तुम्ही विचारताय काय 😂

मायनस_प्लस
सोलापूरकराला दुसरा विषय आहे का? ११७ टीएमसीतले (अब्ज घनफुटातले) ६३ तर मृतसाठ्यातच. पातळी त्या मृतसाठ्यात उतरून मायनसमध्ये गेली की आमच्या हिचा चेहरापण मायनस.

करमाळ्याची_लेक
होडीत जॅकेट घातल्याशिवाय बसू नका एवढंच सांगते. मे २०२४ ला उजनीतच कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळात उलटली, सहा जण गेले. आमच्याकडं ती सहल नव्हे हो, रस्ता आहे तो. बाजार, दवाखाना, माहेर, सगळं होडीनंच. आता वारं सुटलं की आई फोन करून विचारते, कुठं आहेस.

चाळीतला_पोरगा
खरं आहे ताई. आमच्या त्या फेरीत तर जॅकेट हा शब्दही नव्हता.

वाळवंटी
पंढरपूर कुणीच कसं नाही काढलं? मार्गशीर्षात देव विष्णुपदाच्या देवळात राहायला जातो, तेव्हा आम्ही चंद्रभागेतनं होडीनं. आजी काठ घट्ट धरून "विठ्ठल विठ्ठल", आणि पाण्यातलं नारदाचं देऊळ आलं की एक हात सोडून नमस्कार. मग लगेच परत काठ!

कडक_भाकरी
आता माझा. कोची, हनिमून. हायकोर्टच्या जेट्टीवरनं वायपीन बेटावर वॉटर मेट्रोच्या बोटीनं, तेव्हा वीस रुपये तिकीट, आत एसी. तिथल्या बेटांना जोडणारे गोश्री पूल काचेतनं दिसतात, बोलगट्टी बेट जवळनंच जातं. नवरा म्हणतो, एवढ्या पैशात आपल्याकडं रिक्षावाला वळूनपण बघत नाही. आणि भर एसीत त्यानं शेंगाचटणीचा डबा उघडला. वास असा घुमला की शेजारच्या मल्याळी आजींनी हात पुढं केला. डबा संपला. पुढचे चार दिवस नुसता भात.

कंबर_तलाव
आमची पॅडल बोट सोलापूरच्या संभाजी तलावात. दोघं भाऊ उलट्या बाजूला पॅडल मारत अर्धा तास तिथंच गोल गोल. वेळ संपली, शिट्टी वाजली. काय बे!

मायनस_प्लस
कडक भाकरी ताई, चटणी कुठची होती?

कडक_भाकरी
घरची. उखळात कुटलेली, मिक्सरची नव्हे. मिक्सरमध्ये भुगा होतो, तेल सुटत नाही.

वाळवंटी
लसूण सालीसकट का सोलून?

कडक_भाकरी
सालीसकट हो! सोलून कोण टाकतं.

चाळीतला_पोरगा
आमच्या डब्यात पण हीच होती. आई सोलून टाकायची.