पोरीला आधी खुर्ची द्या, लेक्चर नंतर

खाडीकाठची सिस्टर: काल एका डॉक्टरसाहेबांनी लिहिलं, "अठराच्या आतली पोर दिवस गेलेली आली की पोलिसांना कळवावंच लागतं, मोबाईलने पोरी बिघडल्या त्याला आम्ही काय करणार." डोकंच फिरलं. 22 वर्षं उपकेंद्रात काढली मी, पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचं, कळवायला लावणारं कलम 19 मलाही माहितीय. पण कळवणं वेगळं आणि भरल्या ओपीडीत "लग्न झालंय का गं?" म्हणून ओरडणं वेगळं. आंब्याच्या बागेत कामाला आलेल्यांतली एक 17 वर्षांची पोर असंच ऐकून केसपेपर टाकून गेली, ती आली थेट आठव्या महिन्यात, पाय सुजलेले, बीपी 160 च्या वर.

कातळावरचा डॉक्टर: तो मीच. ओपीडीत 90 पेशंट आणि मी एकटा, आवाज चढतो. कळवलं नाही तर 6 महिन्यांपर्यंत जेल मला, तुम्हाला नाही.

कोर्टाची पायरी: चूक. कलम 19 सगळ्यांना आहे, सिस्टरनाही. आणि सप्टेंबर 2022 मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, संमतीच्या संबंधातून दिवस गेलेली अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने व पालकाने विनंती केली तर कळवताना तिचं नाव द्यायला नको. तिच्या गर्भपाताची मुदत 24 आठवडे, 20 नंतर दोन डॉक्टरांचं मत लागतं. तुमच्या ओरडण्यात ते आठवडे जातात.

घाटाखालचो: दोन डॉक्टर आणतलास खयसून? आमच्या ग्रामीण रुग्णालयात बाईच्या डॉक्टराची खुर्ची रिकामीच. चुलतबहिणीक रात्री कोल्हापुराक धाडल्यानी, गाडी फोंडा घाटात बंद!

रत्नांग्रीकर: आणि मुंबई-गोवा हायवे? 2011 ला काम सुरू झालं, तेव्हा जन्मलेली पोरं दहावीच्या वयाची झाली.

घाटाखालचो: सिंधुदुर्गातलो तरी बरो हा. तुमच्याकडेच बोंब.

रत्नांग्रीकर: बरो म्हणे! पावसात येऊन दाखव. बाकी हे प्रकार बाहेरून आलेल्यांत, आमच्या वाडीत नाहीत.

खाडीकाठची सिस्टर: नाहीत? तुमच्यासारख्याच एका वाडीतली मानकऱ्यांची नात मावशीकडे मुंबईला "शिकायला" पाठवली होती, जास्त बोलायला लावू नका.

कातळावरचा डॉक्टर: बरं बाई, उद्यापासून मी कुजबुजतो. पण बाळंत झाल्यावर त्या पोरीला बाळ धरता येत नाही, त्याचं काय?

खाडीकाठची सिस्टर: येतं, शिकवलं तर. मीही एकदा सगळ्या सूचना सासूलाच दिल्या, अंगावर कसं पाजायचं तेसुद्धा. पोरगी खाटेवरून बघत होती. तिला मी एक शब्द विचारला नव्हता.

रत्नांग्रीकर: हायवेचं मात्र कोणी उत्तर दिलं नाही.