‘स्ट्रॅथमोर’च्या आठवणी आणि डेकवरची आपली माणसे

प्रेषक: संपादक, दिवाळी स्मरणिका
प्रति: सर्व सभासद
विषय: बोटीने विलायतेला आलेल्या सभासदांच्या आठवणी

सप्रेम नमस्कार.

मुंबईहून बोटीने इंग्लंडला आलेल्या आपल्या ज्येष्ठ सभासदांच्या आठवणींसाठी यंदाच्या स्मरणिकेत काही पाने राखून ठेवली आहेत. आतापर्यंत आलेल्या मजकुरात नाचाचे दिवाणखाने, कप्तानाबरोबरचे भोजन आणि पोर्ट सैदची खरेदी यांचीच वर्णने अधिक आहेत. नाशिकला परतलेल्या आपल्या काकांनी गेल्या स्नेहमेळाव्यात ‘स्ट्रॅथमोर’ बोटीविषयी जे सांगितले, ते याहून फार निराळे होते. काका, आपण ते सवडीने लिहून पाठवावे, अशी समितीच्या वतीने विनंती करते.

———

प्रेषक: एक जुने सभासद, गंगापूर रोड, नाशिक
विषय: उत्तर – बोटीने विलायतेला आलेल्या सभासदांच्या आठवणी

चि. संपादकताई यांस अनेक आशीर्वाद.

पी. अँड ओ. कंपनीच्या ‘स्ट्रॅथमोर’ने मी १९६२च्या मार्चमध्ये मुंबई सोडली. त्या वर्षीच्या १ जुलैपासून ब्रिटनमध्ये राष्ट्रकुलातील नागरिकांच्या प्रवेशावर निर्बंध घालणारा कायदा लागू होणार होता, त्यामुळे बोटीवर विद्यार्थ्यांइतकीच ‘आता नाही तर कधीच नाही’ म्हणून निघालेली मंडळी होती. नाशिक रोडला पंजाब मेलमध्ये बसवून द्यायला वाड्यातली सगळी माणसे आली होती. आईने रामकुंडातले गंगेचे पाणी एका लहान तांब्यात झाळून दिले होते आणि पिशवीत नाशिकचा चिवडा भरला होता. लोखंडी ट्रंकेवर ‘नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज’ अशी चिठ्ठी चिकटवलेली होती, म्हणजे ती थेट तळाच्या कोठारात जाणार आणि इंग्लंडला उतरेपर्यंत दिसणार नाही. ती ट्रंक आजही माझ्या घरी आहे आणि तिच्यावरची ती चिठ्ठी अर्धी शाबूत आहे.

बोट जुनी होती. १९३५ साली बांधलेली, सुमारे साडेतेवीस हजार टनांची, पांढऱ्याशुभ्र अंगाची आणि पिवळट रंगाच्या एकाच धुराड्याची. १९६१ मध्ये तिच्यावरचे पहिला वर्ग आणि टुरिस्ट वर्ग हे भेद काढून टाकले गेले होते, त्यामुळे जे मोठे डेक आणि बैठकीच्या खोल्या आधीच्या पंचवीस-सव्वीस वर्षांत माझ्यासारख्याला दुरूनच दिसल्या असत्या, तेथे मला मोकळेपणाने हिंडता आले. खोलीत मात्र वातानुकूलन नव्हते. छताजवळ एक गोल, फिरवता येणारी नळी असे आणि तिच्यातून पंख्याची हवा सोडलेली असे. चौघांच्या खोलीत त्या नळीचे तोंड कोणाकडे वळवायचे, यावर रोज रात्री समझोता करावा लागे. आंघोळीला टबात गरम केलेले समुद्राचे पाणी मिळे आणि अंगावरचे मीठ धुण्यासाठी शेजारी गोड्या पाण्याचे छोटे घमेले ठेवलेले असे. ते भरून ठेवणारा स्टुअर्ड गोव्याचा होता. बोटीवरची पहिली मराठी-कोकणी वाक्ये मी त्याच्याशी बोललो.

ताई, मला जे सांगायचे आहे ते येथूनच सुरू होते. ‘स्ट्रॅथमोर’ इंग्रजांची असली तरी ती चालवणारे हात मोठ्या प्रमाणात आपले होते. अधिकारी ब्रिटिश होते, परंतु डेकवरचे खलाशी कोकणातले, विशेषतः रत्नागिरीकडचे मुसलमान, तसेच कच्छ-काठियावाडचे होते. तळाशी यंत्राजवळ काम करणारे आगवाले आणि तेलवाले पंजाब व सरहद्दीकडचे होते, आणि भोजनगृह, खोल्या व मुदपाकखाना गोवेकरांच्या हाती होता. ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. डेकवरच्या टोळीचा प्रमुख सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणूवर सुकाणी, सामानाच्या कोठीवर कसाब आणि खलाशांचे जेवण रांधणारा भंडारी. निळा अंगरखा, कमरेला लाल रुमाल आणि डोक्यावर टोपी अशा वेषात सारंग डेकवर आला, गळ्यातल्या साखळीला अडकवलेली शिट्टी त्याने तोंडाला लावली, की वीस-पंचवीस माणसे कसलाही गोंगाट न करता दोराला लागत. दोरखंड, शिडे आणि सुकाणू यांची जी भाषा त्या डेकवर चाले, तिच्यातले निम्मे शब्द मला रत्नागिरीच्या मचव्यावरही ऐकायला मिळाले असते.

मला आठवतो तो तांडेल. बोटीवर सगळे त्याला त्याच्या हुद्द्यानेच हाक मारीत, म्हणून मीही त्याला तांडेलमामा म्हणू लागलो. राजापूरच्या खाडीकाठचा, पन्नाशीचा, दाढी पांढरी होऊ लागलेला असा तो गृहस्थ होता. तीन दिवस झाले तरी मला बोट लागली नाही, याचे मी कौतुक सांगू लागलो, तेव्हा तो म्हणाला, “नाशिकवाले, फाल्गुनात दर्या परातीसारखा असतो. आषाढात या, मग बोलू.” चौथ्या दिवशी एडन आले. तांबड्या समुद्रात उकाडा असह्य झाला, तेव्हा आम्ही पोरे गाद्या उचलून उघड्या डेकवर झोपायला गेलो. पहाटे अंधारातच खलाशी डेक धुवायला येत, अनवाणी, धोतरासारखी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून. पाण्याचा फवारा सोडण्याआधी तांडेलमामा एकेकाच्या खांद्याला हात लावून “उठा, बाळांनो, पाणी येतंय” असे सांगत पुढे जाई. इंग्रज, ऑस्ट्रेलियन, मराठी, सगळ्यांना तो हेच, मराठीत सांगे, आणि सगळे उठत. मी त्याला चिवडा दिला. त्याने तो रुमालात बांधून ठेवला आणि संध्याकाळी आपल्या माणसांबरोबर वाटून खाल्ला, हे मला दुसऱ्या दिवशी सारंगाकडून कळले.

सुएझचा कालवा तेव्हा सुमारे १६० किलोमीटरचा होता. तो पार करताना दोन्ही बाजूंना वाळवंट आणि मध्येच रस्त्याने जाणारे उंट दिसतात. पोर्ट सैदला धक्क्याजवळ मोठा रिकामा चौथरा होता. कालवा खणणाऱ्या फर्दिनांद द लेसेप्सचा पुतळा १९५६च्या युद्धानंतर लोकांनी पाडला होता, तो चौथरा तेवढा उरलेला. तांडेलमामाने तो पुतळा उभा असताना कितीतरी वेळा पाहिला होता. त्या युद्धात कालवा बंद पडला, तेव्हा आपल्या बोटी आफ्रिकेला वळसा घालून कशा गेल्या, हे त्यानेच मला सांगितले. पुढे भूमध्य समुद्रात शिरल्यावर मी त्याला भगूरच्या सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिसच्या बंदरात ‘मोरिया’ बोटीतून घेतलेल्या उडीची गोष्ट सांगितली. ‘मोरिया’ही पी. अँड ओ.चीच. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, “बंदरातले पाणी वाईट. वर तेल, खाली काय असेल ते कळत नाही. पोहणारा पक्का असला पाहिजे.” नाशिककर म्हणून मी ती हकीकत शाळेपासून ऐकत आलो होतो, परंतु पाण्याची जाण असलेल्या माणसाने तिला दिलेली ही दाद मला फार मोलाची वाटते.

रोज रात्री घड्याळे अर्धा तास मागे घेतली जात, दुपारी मागच्या चोवीस तासांत कापलेले सागरी मैल फलकावर लागत, जेवणात एक करी हमखास असे. हे सगळे इतरांनी लिहिले आहे, म्हणून मी विस्तार करीत नाही. मात्र एक गोष्ट स्मरणिकेत यायलाच हवी. या खलाशांचा करार वेगळ्या कागदावर होत असे आणि त्याच बोटीवर तेच काम करणाऱ्या गोऱ्या खलाशापेक्षा त्यांना पगार पुष्कळच कमी मिळे. राहायची जागाही अधिक दाटीची असे. आपण ज्या प्रवासाला आयुष्यातला सुखाचा काळ म्हणतो, तो त्यांच्या कष्टांवर चालला होता, आणि त्यांनी आपल्याशी जो जिव्हाळा ठेवला तो नोकरीच्या अटींत लिहिलेला नव्हता.

तुमचा,
काका

———

प्रेषक: एक सभासद, साउदॅम्प्टन
विषय: उत्तर – ‘स्ट्रॅथमोर’

आदरणीय काका, सा. न. वि. वि.

आपले पत्र घरात सर्वांनी मिळून वाचले. जहाजांचा नाद असल्यामुळे थोडी भर घालतो. ‘स्ट्रॅथमोर’च्या आधीच्या ‘स्ट्रॅथनेव्हर’ आणि ‘स्ट्रॅथएर्ड’ या भगिनींना प्रत्येकी तीन धुराडी होती, पण पहिले आणि तिसरे केवळ शोभेचे होते. युद्धानंतर ती दोन्ही काढून टाकली. त्या दोघी वाफेवर वीज निर्माण करून तिच्यावर बोट ढकलणारे पाण्यातले पंखे फिरवीत, तर ‘स्ट्रॅथमोर’मध्ये वाफेची टर्बाइने दंतचक्रांतून थेट पंखे फिरवीत. आपल्या प्रवासानंतर दुसऱ्याच वर्षी, १९६३ मध्ये, ती ग्रीक जहाजमालक लात्सिस यांना विकली गेली. त्यांनी तिचे नाव बदलून हजच्या यात्रेकरूंसाठी ती वापरली आणि १९६९ मध्ये इटलीतील ला स्पेत्सिया येथे ती मोडीत निघाली. तांडेलमामांच्या गावचे कोणी तिच्यातूनच जेद्दाला गेले असतील का, असा विचार मनात आला.

———

प्रेषक: एक सभासद, लिव्हरपूल
विषय: उत्तर – ‘स्ट्रॅथमोर’

आदरणीय भाऊ, नमस्कार.

मी १९५८ मध्ये नवी नवरी म्हणून अँकर लाइनच्या ‘कॅलेडोनिया’ने लिव्हरपूलला आले. ही बोट आपल्या बोटीच्या निम्म्याहून लहान होती आणि तिच्यावरचे अधिकारी बहुतेक स्कॉटिश होते. जिब्राल्टरपर्यंत मी मजेत होते. बिस्केच्या उपसागरात मला अशी बोट लागली की दोन दिवस पाण्याचा थेंबही पोटात राहीना. भोजनगृहातून येणारे सूप पाहूनच मळमळे. तेव्हा स्टुअर्डने खाली जाऊन सांगितले, आणि खलाशांच्या भंडाऱ्याने तांदळाची पेज, वर चिमूटभर मीठ आणि लिंबाच्या लोणच्याची एक फोड पाठवली. भांडे ॲल्युमिनियमचे होते, त्याची कड एका बाजूने चेपलेली होती. तो भंडारी मला कधी दिसला नाही. तो वर येत नसे आणि मला खाली जायची मुभा नव्हती. पुढे ‘कॅलेडोनिया’ ॲमस्टरडॅमला विद्यार्थ्यांचे वसतिगृह म्हणून बांधून ठेवली होती, असे वाचले, तेव्हा तिच्या मुदपाकखान्यात आता कोण रांधत असेल, हेच माझ्या मनात आधी आले. भाऊ, त्या माणसांविषयी तुम्ही लिहिलेत, फार बरे केलेत.

———

प्रेषक: एक जुने सभासद, गंगापूर रोड, नाशिक
विषय: उत्तर – ‘स्ट्रॅथमोर’

ताई, आपली पेजेची हकीकत स्मरणिकेत जशीच्या तशी छापावी, अशी मी संपादकांना शिफारस करतो.

एक काम सुचवतो आणि त्यासाठी मदत मागतो. ब्रिटिश नोंदणीच्या जहाजांवरील खलाशांच्या याद्या, म्हणजे प्रत्येकाचे नाव, वय, गाव आणि हुद्दा यांच्यासह केलेले करारपत्र, फार मोठ्या प्रमाणात कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठातील सागरी इतिहास संग्रहात जपून ठेवल्या आहेत. १९५१ ते १९७६ या काळातल्या याद्यांपैकी सुमारे ७० टक्के तेथे आहेत. जहाजाचा अधिकृत नोंदणी क्रमांक आणि वर्ष दिल्यास त्या शोधता येतात. साउदॅम्प्टनच्या सभासदांनी ‘स्ट्रॅथमोर’ आणि ‘कॅलेडोनिया’ या दोन्ही बोटींचे क्रमांक काढून द्यावेत आणि कॅनडातल्या आपल्या सभासदांपैकी कोणी तो अर्ज करावा. शुल्क मी नाशिकहून भरीन. १९६२च्या यादीत राजापूरकडचा तांडेल आणि १९५८च्या यादीत ‘कॅलेडोनिया’चा भंडारी सापडला, तर स्मरणिकेतल्या आपल्या लेखांच्या वर त्यांची नावे छापावीत. याद्या यायला वेळ लागला, तर लेख पुढच्या वर्षीपर्यंत थांबवले तरी माझी हरकत नाही.