तोंडावरून वारं गेलं, सुयांनी बरी झाले, आता शिकायला चीनला जायचंय. चुकतेय का?

सुईदोरा (कणकवली)

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यात सकाळी चूळ भरताना ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून पाणी गळायला लागलं. आरशात बघितलं तर अर्धं तोंड झोपलेलं, उजवा डोळा मिटेना. आई म्हणाली, "तोंडावरून वारं गेलं गो." मी स्वतः 11 वर्षं नर्स आहे, बेल्स पाल्सी ओळखता येते मला. पण घरात गणपती, पाहुणे, माटवीचं सामान. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू व्हायला चौथा दिवस उजाडला. रात्री डोळ्यावर पेपर टेप लावून झोपायचे. सोलकढी प्यायला बसले की निम्मी पदरावर.

सोळाव्या दिवसापासून म्हापशाला एका ॲक्युपंक्चरवाल्या बाईंकडे जायला लागले. सुया डोळ्याजवळ, ओठाच्या कोपऱ्याशी, जबड्यावर आणि चक्क हातावर, अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात. टोचलेलं जेमतेम कळतं. मग बाई सुई फिरवतात तेव्हा आत जडजड, ओढ लागल्यासारखं होतं. दहा वेळा गेले. दिवाळीला फोटोत सरळ हसले.

बीजिंग, शांघाय आणि नानजिंगला परदेशी लोकांना ॲक्युपंक्चर शिकवणारी केंद्रं 1975 पासून आहेत, तीन महिन्यांचा कोर्स असतो. माझा सगळा हिशेब साडेचार लाखांचा. भाऊ म्हणतो, एवढ्यात बागेला कुंपण होईल. विरोध ऐकायला बसलेय, फक्त "चिनी माल टिकत नाही" हे सोडून बोला.

दर्यावर्दी (मालवण)

बाये, तुझां तोंड बरां झालां ह्याचो आनंद आसा. पण साडेचार लाख? आमच्या आज्याच्या वेळेक तुंबडीवाले दारात येयत, पाठीर शिंगा लावन रक्त ओढीत. तेंका आम्ही अडाणी म्हणान हाकललव. आता तांच कपिंग म्हणान चीनसून येता आणि लोक पाठीचे फोटो काढून मिरवतत. तुंबडी तीच, भरतत मात्र शिकवणारे आपली.

खाडीपलीकडचा डॉक्टर (रत्नागिरी)

सिस्टर, तुमच्यावर विश्वास आहे म्हणून स्पष्ट लिहितो. या आजारात "कशाने बरं झालं" हे एकट्या रुग्णाला कळणं जवळपास अशक्य आहे. कोपनहेगनला पायटरसन या डॉक्टरांनी काहीही उपचार न दिलेल्या 1,701 रुग्णांची नोंद ठेवली होती. त्यातल्या 71 टक्के लोकांचा चेहरा आपोआप पूर्ण पूर्ववत झाला, आणि 85 टक्क्यांमध्ये पहिल्या तीन आठवड्यांतच हालचाल परतू लागली होती. तुमच्या सुया सोळाव्या दिवशी सुरू झाल्या, म्हणजे नेमक्या त्याच काळात.

वर तुम्ही गोळ्याही घेतल्यात. स्कॉटलंडमधल्या 2007 च्या चाचणीत 72 तासांच्या आत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलेल्यांपैकी नऊ महिन्यांनी 94.4 टक्के बरे होते, न घेतलेल्यांपैकी 81.6 टक्के. तुम्हाला उशीर झाला, तरी श्रेयाच्या रांगेत सुयांच्या आधी शरीर स्वतः उभं आहे आणि त्याच्या शेजारी गोळी. कोंबडा आरवला म्हणून उजाडत नाही, हे तुम्ही मला सांगायला हवं, मी तुम्हाला नव्हे.

साडेचार लाखांत तुम्ही बीएस्सी नर्सिंगची पुढची पायरी गाठाल.

पोफळी (गुहागर)

डॉक्टर, आकडे अर्धेच सांगितलेत. वुहानच्या डॉक्टरांची चाचणी 2013 मध्ये कॅनडाच्या मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आली होती. बेल्स पाल्सीचे 338 रुग्ण, सगळ्यांना प्रेडनिसोन आणि सगळ्यांना सुया. फरक एवढाच की निम्म्यांना ती जडजड संवेदना येईपर्यंत सुई फिरवली, निम्म्यांना नुसती टोचून ठेवली. सहा महिन्यांनी पहिला गट जास्त बरा. सुईदोराताईंनी जी ओढ वर्णन केली तीच ही, चिनी लोक तिला "द ची" म्हणतात. म्हणजे कौशल्याला काही किंमत आहे, आणि कौशल्य शिकायला जिथे शिकवतात तिथे जावं लागतं.

(हातावरच्या त्या बेचक्यातल्या बिंदूचं नाव पुस्तकांत "हेगू" असं देतात. मराठी वर्गात हे शिकवणं सोपं नाही, एवढंच म्हणते.)

खाडीपलीकडचा डॉक्टर

सुया अजिबात नाहीत असा गट त्या चाचणीत होता का? नव्हता. जोरात फिरवलेली सुई हळू टोचलेल्या सुईपेक्षा बरी, इतकंच त्यातून कळतं. हेगूवर हसलो, मान्य.

सुईदोरा

डॉक्टर, मुद्दा कळला. पण मला तोंडाच्या वाऱ्यासाठी शिकायचं नाहीय. आमच्या ओपीडीत रोज कोण येतं? काजू कारखान्यात दिवसभर मांडी घालून बसणाऱ्या, जेटीवर वाकून मासळी निवडणाऱ्या बायका. कंबर, गुडघा, मान. त्यांना आम्ही काय देतो तर दुखणं दाबणारं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन. पुढच्या सोमवारी परत येतात, परत तेच. एकीचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आल्याची खूण, वाढलेलं मी स्वतः रिपोर्टात वाचलंय. त्यांच्यासाठी काही शिकले तर चुकलं कुठे?

खाडीपलीकडचा डॉक्टर

हा प्रश्न पहिल्यापेक्षा चांगला आहे, आणि उत्तर मलाच थोडं अडचणीचं आहे. जर्मनीत कंबरदुखीच्या 1,162 रुग्णांवर मोठी चाचणी झाली, 2007 साली छापून आली. खऱ्या ॲक्युपंक्चरने 47.6 टक्क्यांना फायदा झाला, औषधं-व्यायाम या नेहमीच्या उपचारांनी 27.4 टक्क्यांना. पण तिसरा गट खोट्या सुयांचा होता, बिंदू सोडून भलतीकडेच वरवर टोचलेल्या. त्यांना 44.2 टक्के. म्हणजे सुई कुठे टोचली याने फारसा फरक पडला नाही. मग बीजिंगला तीन महिने बसून बिंदू पाठ करायचे कशाला?

पोफळी

तरी नेहमीच्या उपचारापेक्षा दोन्ही सुया सरस! हे वाक्य तुम्ही भराभर वाचून पुढे गेलात.

खाडीपलीकडचा डॉक्टर

गेलो. कारण रुग्णाशेजारी अर्धा तास कुणीतरी बसतं, हात लावतं, चौकशी करतं, याचा तो परिणाम असू शकतो. आमच्या ओपीडीत माणशी चार मिनिटं मिळतात. त्यावर उपाय चीनमध्ये नाही.

कोटबंदर (वेंगुर्ला)

चीनला जाण्यात लाज कसली? आपले डॉ. कोटणीस गेलेच होते की!

आंबोलीवाला (सावंतवाडी)

कोटणीस 1938 मध्ये गेले ते शस्त्रक्रिया करायला, सुया शिकायला नव्हे, आणि 1942 मध्ये तिथेच वारले. त्यांच्याच पथकातल्या डॉ. बसूंनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून ते कोलकात्यात आणलं. उदाहरण द्यायचं तर बसूंचं द्या.

मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो, तेव्हा झाडांच्या बाजूने बोलतो. चिनी वैद्यक म्हणजे निव्वळ भोंदूगिरी, असं मी म्हणणार नाही. चिनी संशोधिका तू यूयू यांनी चौथ्या शतकातल्या गे हाँगच्या ग्रंथात वाचलं की चिंगहाओ नावाची वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस प्यावा. उकळायला सांगितलेलंच नाही! त्यावरून त्यांनी कमी तापमानात अर्क काढला, त्यातून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन मिळालं आणि 2015 चं नोबेल. पण हेही लक्षात घ्या की नोबेल परंपरा पाळल्याबद्दल नाही, परंपरेतली एक ओळ प्रयोगशाळेत तपासल्याबद्दल मिळालं.

आपल्या दाराशीही असंच एक झाड आहे. नरक्या, म्हणजे अमृता, आंबोलीच्या रानातून चोरून तोडून नेतात ती. तिच्यात कॅम्प्टोथेसिन असतं, ज्यावरून कर्करोगाची औषधं बनली. ते द्रव्य पहिल्यांदा सापडलं 1966 मध्ये एका चिनी झाडात, आणि शोधणाऱ्या दोघांपैकी मनसुख वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे.

ताई, सुया शिका. काढे मात्र घेऊन येऊ नका. बेल्जियममध्ये 1990 च्या सुमारास वजन घटवायच्या औषधात एका चिनी मुळीऐवजी नावाने जवळची दुसरीच मुळी गेली, शंभरावर बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. क्रिएटिनिनची काळजी तुम्हीच व्यक्त केलीत म्हणून सांगतो. आणि खवल्या मांजराच्या खवल्यांचा विषय तर माझ्यासमोर काढूच नका. चीनने 2020 मध्ये खवले औषधकोशाच्या यादीतून काढले, पण आपल्याकडचे शिकारी अजून त्याच भावाच्या आशेवर आहेत.

सनद (रत्नागिरी कोर्ट)

कोरडा मुद्दा. महाराष्ट्रात 2015 चा ॲक्युपंक्चर कायदा आहे, त्याखाली कौन्सिल आहे, नोंदणी लागते. तिकडचं तीन महिन्यांचं प्रमाणपत्र नोंदणीला चालेल का, हे तिकीट काढण्याआधी कौन्सिलकडून लेखी घ्या, फोनवर नको. चिनी औषधांना आपल्याकडे असा कायदाच नाही. पाटीवर "डॉ." लावायचा मोह झाला तर आधी माझ्याकडे या, नंतर आलात तर फी जास्त.

दर्यावर्दी

सनदसायबांनी बरां सांगल्यानी. बाये, माझी बायल विचारता, गुडघ्याक तुझ्या सुया कधीसून मिळतले? मी काय बोलाक नाय.

खाडीपलीकडचा डॉक्टर

सिस्टर, एक विचारतो. आजारपणात रोजचे फोटो काढले होतेत का? तारखेवार?

सुईदोरा (दुसऱ्या दिवशी रात्री)

काढले होते. बहिणीला पाठवायचे, ती पुण्याला असते. आज ड्युटीवरून आल्यावर सगळे एकापाठोपाठ बघितले. चौदाव्या दिवसाचा एक व्हिडिओ आहे, मी मोदकाच्या उकडीबद्दल काहीतरी सांगतेय आणि मध्येच हसतेय. उजवी भुवई हलते. थोडीशी, पण हलते. तीनदा मागे घेऊन बघितलं. म्हापशाला मी सोळाव्या दिवशी गेले होते.

कौन्सिलला आज पत्र टाकलं. कोर्सच्या अर्जात "का शिकायचं आहे" अशी एक चौकट आहे. त्यात पहिलंच वाक्य होतं, "माझा चेहरा सुयांनी बरा झाला." ते खोडलं. तिथे आता जेटीवरच्या बायकांचं लिहिलंय. भावाला अजून सांगितलेलं नाही.