मॅट मर्डॉकचे हात स्वच्छ? मग रे नादीमचं काय?

रातकिडा:
काल 'पांढरं कॅनव्हास' यांनी लिहिलं की 'डेअरडेव्हिल' मालिकेत हात स्वच्छ असलेला माणूस एकच, दिवसा अंध वकील आणि रात्री मुखवटा घालून गुंडांशी लढणारा मॅट, कारण त्याने गुन्हेगारांचा बादशहा फिस्कसारख्यालाही जिवंत सोडलं. आणि त्याच्या ऑफिसातल्या कॅरन पेजची जागा खरं तर तुरुंगात होती. तिथेच दोन ओळी टाकणार होतो, पण रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून वेगळा धागा.

तिसऱ्या सीझनचा शेवट आठवा. फिस्क रक्तबंबाळ होऊन पडलाय आणि मॅट ओरडतोय की मी कोण आहे ते तू हिरावून घेऊ शकणार नाहीस. त्या ओरडण्याने आपण सगळे इतके भारावतो की पुढचं संभाषण कोणाच्या लक्षातच राहत नाही. पुढे सौदा होतो. फिस्कने तुरुंगात जायचं, मॅटचं गुपित गुपितच ठेवायचं, कॅरन आणि मॅटचा मित्र व भागीदार वकील फॉगी नेल्सन यांच्या वाटेला जायचं नाही. बदल्यात फिस्कची बायको व्हनेसा मोकळी. एफबीआयचा अधिकारी रे नादीम, त्याला मारायचा आदेश व्हनेसाने दिला, हे मॅटला तोपर्यंत माहीत झालेलं आहे.

म्हणजे रे नादीमच्या खुनाचा हिशेब मॅटने आपल्या दोन माणसांच्या सुरक्षिततेसाठी वळता केला. नादीमच्या बायकोला, सीमाला विचारलं? त्याचा मुलगा सामी मोठा झाल्यावर त्याला कोण सांगणार? भावजयीच्या कॅन्सरपायी कर्जात बुडालेला, फिस्कच्या जाळ्यात सापडलेला, पण शेवटी कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःचे गुन्हेसुद्धा न लपवता सगळं बोलून गेलेला माणूस. फिस्क पडला तो त्या कबुलीने. आणि त्याच माणसाचा खून वाटाघाटीत चिल्लर म्हणून वापरला गेला.

मॅटने मारलं नाही, हे मान्य. हात स्वच्छ, हे मात्र मला अजिबात मान्य नाही.

पांढरं कॅनव्हास:
माझं नाव घेऊन धागा काढलात, तर माझं पूर्ण म्हणणं तरी द्यायचं. मी लिहिलं होतं की सगळ्या मालिकेत रेषा ओढून त्या रेषेवर उभा राहणारा तोच एक. दुसऱ्या सीझनमध्ये गुन्हेगारांना ठार मारत सुटलेला फ्रँक त्याला गच्चीवर साखळदंडाने बांधतो, हाताला पिस्तूल चिकटवतो, त्यात एकच गोळी. फ्रँक म्हणतो, गुंड ग्रोटोला वाचवायचं असेल तर मला मार. मॅट ती गोळी साखळीवर झाडतो. त्याची प्रेयसी एलेक्ट्रा त्याच्या वडिलांचा खुनी त्याच्यासमोर आणून बसवते, तरी तो मारत नाही. तुम्हीआम्ही मारलं असतं. नादीमचं वाईट मलाही वाटतं, पण फिस्क मोकळा राहिला असता तर आणखी किती नादीम?

साक्षीपुरावा:
मी वकिली करते, म्हणून एक व्यवहारी प्रश्न. व्हनेसाविरुद्ध पुरावा कोणता होता? फिस्कचा माणूस मॅनिंग, त्याने सांगितलं ते मॅटने त्याला गच्चीवरून लटकवल्यावर. असा जबाब कोणत्याही न्यायालयात पाच मिनिटं टिकत नाही. नादीमची मृत्युपूर्व कबुली टिकते, पण आपल्याला मारायचा आदेश कोणी दिला हे त्यात तो कसं सांगणार? मॅटच्या हातात जे होतं ते फक्त धमकीपुरतं होतं. त्याने ते वापरलं. रातकिडा, तुम्ही ज्याला न्याय म्हणताय तो त्या रात्री उपलब्धच नव्हता.

रातकिडा:
ताई, हा मुद्दा चांगला आहे आणि मी त्याचा विचार केला नव्हता. पण पुरावा टिकणारा नाही हे कोणामुळे? लटकवणारा कोण? कायद्याची पदवी असलेला माणूस स्वतःच पुरावा नासवतो, आणि मग पुरावाच नव्हता म्हणून सौदा केला असं आपण म्हणायचं!

आणि फिस्कसाठी खून करणाऱ्या डेक्सचं काय? डेक्सचा जीव जडलेल्या ज्युलीला फिस्कने मारवलं हे त्याला मॅटनेच सांगितलं. हेतू उघड होता, डेक्सने फिस्कवर चालून जावं. फिस्कच्या लग्नाला माणसं जमलेली असताना एक पिसाळलेला खुनी तिकडे सोडायचा आणि वर म्हणायचं, मी कोणाला मारत नाही. गोळी आपण झाडायची नाही, बंदूक मात्र भरून दुसऱ्याच्या हाती द्यायची.

तिसरी घंटा:
+१. आणि हे पहिल्या सीझनपासून आहे. दुसऱ्याच भागात तो गच्चीवर बांधलेल्या माणसाच्या डोळ्याजवळ सुरी खुपसतो, कुठे खुपसायची ते मॅटवर उपचार करणारी नर्स क्लेअर सांगते, मग त्याला वरून खाली फेकतो. माणूस कोमात जातो. मी अतिदक्षता विभागात नर्स आहे. कोमातला माणूस म्हणजे 'जिवंत सोडला' असं म्हणणाऱ्याने एकदा त्याची कूस बदलायला यावं, त्याच्या आईसमोर उभं राहावं. क्लेअरचं पात्र माझं सर्वांत आवडतं, पण तो प्रसंग मी दर वेळी पुढे ढकलते. नर्सने शरीराची माहिती त्या कामासाठी दिली, हे मला आजही सहन होत नाही.

जुनी बातमी:
मॅटचं चालू द्या. पण मूळ लेखातलं 'कॅरनची जागा तुरुंगात' हे वाक्य सगळ्यांनी ओलांडून पुढे गेलात, तिथे मला बोलायचं आहे. फिस्कचा उजवा हात वेस्ली, त्याच्याबद्दल नाही. वेस्लीने तिला पळवून आणलं होतं, टेबलावर पिस्तूल ठेवून धमकावत होता. फोन वाजला, त्याचं लक्ष गेलं, तिने झाडलं. तो विषय माझ्यासाठी संपला.

माझा राग पत्रकार बेन युरिकवरून आहे. त्याच्या बायकोसाठी चांगली जागा बघू असं भासवून कॅरन त्याला घेऊन गेली आणि तिथे फिस्कच्या आईसमोर नेऊन बसवलं. आजारी बायकोच्या काळजीने पिचलेल्या माणसाला त्याच काळजीचं आमिष! त्या भेटीपायी फिस्कने बेनला त्याच्याच घरात गळा दाबून मारलं.

मी बारा वर्षं वार्ताहर होतो. एका तरुण सहकारी मुलीने मला असंच एका घरी नेलं. ओळखीच्या आजी आहेत, चहा पिऊन येऊ म्हणाली. आजी बोलत गेल्या, मी टिपत गेलो, बातमी माझ्या नावाने लागली. मुलाच्या धंद्याबद्दल त्यांनी सहज सांगितलेलं एक वाक्य त्यात होतं. पंधरा दिवसांनी कळलं, मुलाने आजींना घराबाहेर काढलं. मी भेटायला गेलो तर त्यांनी विचारलं, "तुम्ही पेपरवाले आहात हे आधी का नाही सांगितलंत?" मला वाटलं होतं तिने सांगितलं असेल. तिला वाटलं मी सांगेन. कॅरन 'खरं बाहेर आलं पाहिजे' म्हणते तेव्हा मला ती आजी दिसते. आणि त्याच कॅरनला पुढे बेनच्या खुर्चीत बसवलं!

शेवंती:
तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं, पण तुम्ही तुमच्या त्या सहकारी मुलीचा राग कॅरनवर काढताय. बेन काल पत्रकारितेत आलेला पोरगा नव्हता. खोलीत कोण बसलंय हे कळल्यावर तो उठून जाऊ शकत होता. तो बसला, त्याने प्रश्न विचारले. मरायच्या आधी फिस्क विचारतो, तुझ्याबरोबर कोण होतं? बेन म्हणतो, एकटाच होतो. तिने फसवलं असं त्याला वाटत असतं तर तो हे बोलला असता का?

जुनी बातमी:
तो ते बोलला कारण तो सज्जन होता! त्याच्या सज्जनपणाने कॅरनचा दोष धुतला जातो हे कुठलं तर्कशास्त्र? उलट दोष वाढतो.

पांढरं कॅनव्हास:
अगदी हेच मी म्हणत होतो. कॅरनच्या धाडसाची किंमत दर वेळी दुसराच देतो. आधी ती चालवत असलेल्या गाडीच्या अपघातात गेलेला भाऊ केव्हिन, मग बेन, मग मॅटच्या चर्चचे फादर लँटम. फिस्कच्या तोंडावर जाऊन 'वेस्लीला मी मारलं' सांगायची गरज काय होती? त्याने चिडून हात उचलावा म्हणून. हात त्याने नाही उचलला, पण डेक्सला चर्चमध्ये पाठवलं. तिच्यावर फेकलेला दंडुका फादरच्या छातीत गेला.

शेवंती:
केव्हिनचं नाव घेतलंत म्हणून लिहिते. एरवी लिहिलं नसतं.

मी एकवीस वर्षांची होते. गाडी मी चालवत होते, धाकटा भाऊ शेजारी. आमचं भांडण चालू होतं आणि मी रस्त्याकडे न बघता त्याच्याकडे बघून बोलत होते. तो वाचला. उजवा गुडघा कायमचा गेला. बाबा माझ्याशी चौदा महिने बोलले नाहीत. जेवताना मीठ हवं असलं तर आईला सांगायचे, "तिला म्हणावं मीठ दे." मी समोर बसलेली असायचे.

त्यानंतर माणूस कसा होतो ते तुम्हाला ठाऊक नाही. दोनच गोष्टी उरतात. एक तर हातपाय गाळून बसायचं, नाहीतर जिथे कोणाला तरी वाचवता येईल तिथे धावायचं, विचार न करता, कारण थांबलं की ते सगळं परत येतं. कॅरन फिस्कसमोर गेली ती धाडस दाखवायला गेली असं तुम्हाला वाटतं? तिने हल्ला स्वतःवर ओढवून घ्यायचं ठरवलं होतं. मारलं जायला ती तयार होती. तिच्या चुका मीही मोजते, पण त्या 'धाडसाच्या हौसेच्या' खात्यात टाकू नका.

तिसरी घंटा:
शेवंती, भाऊ आता कसा आहे?

शेवंती:
बरा आहे. त्याची दोन्ही पोरं मलाच आत्या म्हणून चिकटतात. बाबांशीही आता बोलणं आहे. पण मीठ मी आजही स्वतःहून पुढे करते.

जुनी बातमी:
केव्हिनबद्दल मी एक अक्षरही काढलं नव्हतं आणि काढणार नाही. तुम्ही लिहिलंत त्यानंतर तो सीझन तीनचा दहावा भाग मी वेगळ्या नजरेने बघेन, एवढं कबूल करतो. पण बेनबद्दल माझं मत बदललेलं नाही. दुःखी माणसालाही समोरच्याला 'आपण कुठे चाललोय' हे सांगावं लागतं. एक वाक्य लागतं त्याला.

साक्षीपुरावा:
धागा मॅटचा होता, कॅरनचाच झाला. आता भरकटलाच आहे तर माझीही खदखद ऐका. पहिल्या सीझनच्या तिसऱ्या भागात मॅट आणि फॉगी खुनाचा आरोप असलेल्या हीलीचा खटला लढवतात. मॅट कोर्टात ज्युरीसमोर त्याच्या बाजूने बोलतो आणि रात्री मुखवटा घालून त्याच अशिलाला बदडून फिस्कचं नाव काढून घेतो. हीली नाव सांगतो आणि भीतीने स्वतःचं डोकं खिळ्यावर आपटून जीव देतो. आपल्याच अशिलाला! सगळी मालिका 'मारावं की मारू नये' यावर चर्चा करते, पण या गोष्टीवर फादर लँटमसुद्धा त्याला धारेवर धरत नाही. मी अशी माणसं पाठीशी घातली आहेत ज्यांचं तोंड बघायची इच्छा नव्हती. रात्री झोप लागत नाही, पण त्यांनी मला सांगितलेलं मी त्यांच्याविरुद्ध वापरत नाही. हाही एक नियमच आहे ना? मॅटला एकच नियम दिसतो, कारण त्या नियमावरच त्याला स्वतःचा आत्मा तोलायचा असतो.

रातकिडा:
हे वाक्य मला सुचायला हवं होतं. माझं म्हणणं नेमकं हेच आहे. 'मी मारणार नाही' हा नियम तो स्वतःसाठी पाळतो. नादीम, हीली, कोमातला तो माणूस, हे सगळे त्या नियमाच्या बाहेर पडतात, म्हणून त्यांचा हिशेब कोणी मागत नाही.

आणि आता 2025 कडे बघा. 'बॉर्न अगेन' या पुढच्या मालिकेच्या पहिल्याच भागात डेक्स फॉगीला गोळी घालतो. फॉगीचं हृदय थांबताना मॅटला ऐकू येतं आणि तो डेक्सला गच्चीवरून ढकलतो. डेक्स वाचला तो मॅटच्या नियमामुळे नव्हे. पुढे कळतं की डेक्सला पाठवणारी व्हनेसाच होती. 2018 मध्ये जिला नादीमच्या रक्ताच्या बदल्यात सोडली, तीच. फॉगीला वाचवायला सौदा केला आणि त्या सौद्यात सुटलेल्या बाईनेच फॉगीला मारवलं.

पांढरं कॅनव्हास:
थांबा. हा पुरावा चालणार नाही. तिसरा सीझन लिहिणारे वेगळे, 'बॉर्न अगेन' लिहिणारे वेगळे. मधे सात वर्षं गेली, मालिका बंद पडली, दुसऱ्या घरी गेली. 2018 च्या मॅटला 2025 च्या लेखकांनी केलेल्या खुनासाठी जबाबदार धरताय. आणि शेवटी तोच मॅट फिस्कच्या वाटेची गोळी स्वतःच्या अंगावर घेतो, हे सोयीस्करपणे विसरलात.

रातकिडा:
विसरलो नाही. तो क्षण मलाही हलवून गेला. लेखक बदलल्याचा मुद्दा घ्या, मी 2025 बाजूला ठेवतो. फक्त 2018 बघू. शेवटच्या भागात फॉगी रुमालावर तिघांची नावं लिहितो, नेल्सन, मर्डॉक आणि पेज. तिघं हसतायत. मला त्या वेळी सीमा कुठे बसली असेल हेच दिसत होतं. तुम्हाला नाही दिसली?

पांढरं कॅनव्हास:
नाही दिसली. खरं सांगतो, नाही दिसली. नादीमचा व्हिडिओ बघून रडलो होतो आणि वीस मिनिटांत त्या रुमालावर खूश झालो. तेवढं मान्य करतो. 'हात स्वच्छ' हा शब्द मागे घेतो. 'रेषेवर उभा राहणारा' मागे घेत नाही, आणि कॅरनबद्दलही घेत नाही.

शेवंती:
कॅरनबद्दल तुम्ही घ्यावा अशी अपेक्षाही नाही. फक्त तिसऱ्या सीझनमधला तिच्या वडिलांचा प्रसंग परत बघा. केव्हिन गेल्यावर ते तिला सांगतात, तू इथून जा. ती निघते. त्यानंतर बोलू.

जुनी बातमी:
आज रात्री बघतो. आणि शेवंती, तुम्ही पहिल्या सीझनचा बारावा बघा. बेनच्या घरातला प्रसंग, आवाज बंद न करता.